उबेची उस्तवार

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीत पारा उतरतो आणि करुणा चढते. पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यावरून वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका रविवारी क्लबहाउसमध्ये जमतात. सचिव घसा खाकरून म्हणतात, "दरवर्षीप्रमाणे याही वर्षी गोरगरिबांना ब्लँकेटं वाटावीत असं कमिटीचं मत आहे." ठराव एकमताने मंजूर होतो. त्यानंतर पैशाचा ठराव येतो, तो एकमताने तहकूब होतो.

माझी या करुणेशी गाठ पडली ती बॅनरमुळे. एखादा माणूस 'थोडंफार लिहितो' असं सोसायटीला कळलं की त्याचं उरलेलं आयुष्य सूचना लिहिण्यात जातं. 'लिफ्टमध्ये थुंकू नये' हे माझं आजवर सर्वाधिक वाचलं गेलेलं साहित्य आहे. त्यावर एका वाचकाने अभिप्रायही नोंदवला. तो लाल रंगात आहे.

"बॅनरवर दोन शब्द हवेत," सचिव म्हणाले. "दोनच. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ."

मी बसल्या जागी म्हणालो, "मायेची ऊब."

यात माझी प्रतिभा शून्य. थंडीत ब्लँकेट वाटणाऱ्या बहुतेक मंडळांना महाराष्ट्रात हेच दोन शब्द सुचतात. स्थानिक बातम्यांच्या पानांवर तर त्यांचा साचाच करून ठेवला असावा. वर फोटो, फोटोत एक ब्लँकेट, ब्लँकेटला चौदा हात, आणि खाली 'गरजूंना मायेची ऊब'. चौदांपैकी दोन हात घेणाऱ्याचे असतात, ते शोधावे लागतात. मला वाटलं, विषय संपला. चहा आला की घरी जाऊ.

पण सभेला गुरुजी होते.

गुरुजी ए विंगमध्ये राहतात. मराठीचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले, असं शाळा समजते. त्यांना तो निर्णय मान्य नाही. ते म्हणाले, "ऊब लिहिताना ऊ दीर्घ काढा हो. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या मंडळाने ऱ्हस्व काढला होता. दोन रात्री मला झोप नाही."

खजिनदार म्हणाले, "मग स्वेटरच्या दुकानावर 'उबदार'मध्ये ऱ्हस्व उ असतो, तो चूक का?"

"तो बरोबर."

"म्हणजे ऊब दीर्घ आणि उबदार ऱ्हस्व?"

"उबेला, उबेत, उबेने, सगळं ऱ्हस्व. फूल, फुलाला. सून, सुनेला. ऊस, उसाला. मागे काही लागलं की दीर्घ अक्षर आखडतं."

"माझंही तसंच होतं," खजिनदार म्हणाले. त्यांच्या मागे नेहमी कुणी ना कुणी पैशासाठी लागलेलं असतं.

गुरुजींनी मग नियमांचा इतिहास काढला. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने मान्य केले ते १९६२ साली. आता योगायोग असा की त्याच वर्षी २२ जानेवारीला मुंबईत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर आला होता, आणि तेवढी थंडी मुंबईने पुन्हा पाहिली नाही. मंत्रालयाचं नाव त्या काळी सचिवालय होतं. पंखे बंद, खिडक्या बंद, कोटाच्या बाह्यांत हात. अशा हवेत फायलीतले उकार आखडले असतील तर दोष कुणाला द्यायचा?

हे ऐकून सी विंगमधले आजोबा खवळले. "मुंबईच्या थंडीचं काय कौतुक सांगताय? पुण्यात १.७ होतं! १९३५, जानेवारी! दात असे वाजत होते म्हणता..."

आजी शेजारीच होत्या. त्या लोकरीच्या टाक्यांवरून नजर न काढता म्हणाल्या, "अहो, तुमचा जन्म बेचाळीसचा."

"मग काय झालं? वडिलांनी सोसली होती ना! घराण्यात आहे ती थंडी."

पुण्यात थंडी ही अशी वडिलोपार्जित असते. जुन्या वाड्याचा हिस्सा, पेठेतली भाडेकरूची केस आणि आमच्या वेळची थंडी, तीन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातात. आज निफाडला पारा पुण्याच्या खाली गेला अशी बातमी आली, की आमचे आजोबा ती मुलाखतीत नापास झाल्यासारखी वाचतात आणि म्हणतात, "ती गव्हाच्या संशोधन केंद्रातली नोंद आहे. उघड्या शेतात मोजल्यावर कमी येणारच. इथे टिळक रोडवर मोजून दाखवा म्हणावं."

तर ऊ दीर्घ ठरला. पण गुरुजींचा तास अजून संपायचा होता. "शब्द वापरताय खरा, पण तो आला कुठून हे कुणाला ठाऊक आहे का?" त्यांनी विचारलं. वर्गात असा प्रश्न आला की खाली पाहायचं असतं, हे चाळीस वर्षांनंतरही कुणी विसरलेलं नव्हतं. सगळी कमिटी खाली पाहू लागली.

गुरुजी सांगू लागले. संस्कृतात 'ऊष्मन्' म्हणजे उष्णता, वाफ. प्राकृतात त्या ष्मचा म्ह झाला, शब्द 'उम्ह' झाला, आणि पुढे बोलता बोलता मराठीच्या तोंडी 'ऊब' उरली. शाळेत श, ष, स यांना ऊष्मे म्हणतात, ते याच घरातले. तोंडातून गरम वाफ सोडत उच्चारायचे वर्ण म्हणून ऊष्मे. म्हणजे गंमत बघा, 'ऊष्मा' या शब्दात ज्या एका अक्षराला खरी ऊब होती, तो ष, तोच मराठीने काढून टाकला आणि जे उरलं त्याला ऊब म्हटलं.

"मराठी माणूस!" खजिनदार कौतुकाने म्हणाले. "काटकसर."

"आणि हाच संस्कार," गुरुजी रंगात आले, "श्लेष्मन् या शब्दावर झाला. ष्मचा म्ह, म्हचा भ, मग ब. श्लेष्मन्, सेम्ह, शेंब आणि शेंबूड!"

सभेत शांतता पसरली. समोर बटाटेवडे होते. ऊब आणि शेंबूड एकाच वळणाने आलेली भावंडं आहेत, ही माहिती ज्ञान म्हणून मोठीच आहे, पण बटाटेवड्यासोबत घ्यायची नाही. तरी एक खरं, दोघांचा हंगाम एकच.

वातावरण सावरायला बी विंगमधल्या गुजराती बेन म्हणाल्या, "अमारामां एने हूंफ कहेवाय." गुरुजींचा चेहरा खुलला. हूंफही त्याच ऊष्म्याची लेक, म्हणजे ऊब आणि हूंफ सख्ख्या बहिणी. मला विचाराल तर हूंफ जास्त सच्ची आहे. गार पडलेल्या ओंजळीत फुंकर मारताना माणूस जे म्हणतो, तेच गुजरातीने शब्दकोशात घातलं.

पुढे ऊन आलं. 'उष्ण'चं प्राकृतात 'उण्ह' झालं आणि मराठीत 'ऊन'. तृष्णेची तण्हा आणि तण्हेची तहान झाली ती याच रस्त्याने. म्हणून आपल्याकडे आकाशातही ऊन असतं आणि ताटातही. ऊन ऊन भात, त्यावर वरण, तूप. एकच शब्द मे महिन्यात शिवी असतो आणि श्रावणात पंगतीचं आमंत्रण. कोकणात तर तो जमिनीखालूनही येतो. पालीजवळ उन्हेरे, दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरजवळ चक्क उन्हाळे नावाचं गाव, तिकडे जळगाव जिल्ह्यात उनपदेव, नांदेडात किनवटकडे उनकेश्वर. सगळी गरम पाण्याच्या झऱ्यांची ठिकाणं, आणि नावातच तापमान सांगितलेलं. ही नावं ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. आमच्या सोसायटीचं नाव 'शीतल छाया' आहे आणि वरच्या मजल्यावर मे महिन्यात पापड भाजता येतात.

रात्री साडेनऊ वाजता ठरलं ते एवढंच, की सूचनाफलकावर कागद लावायचा. 'मायेची ऊब. रविवारी सायंकाळी ६ वाजता, क्लबहाउस. सर्वांनी उपस्थित राहावे.'

रविवारी सहाला सगळ्यांत आधी कोण आलं असेल, तर बी विंगमधले भाईसाहेब. मूळचे कानपूरचे, इथे येऊन बरीच वर्षं झाली, मराठी वाचता येतं, मानवत नाही. अंघोळ केलेली, कपाळाला चंदन, काखेत दोन आसनं, मागे डोक्यावर पदर घेतलेल्या भाभीजी आणि हातात केळ्यांची फणी.

"महाराजजी कब तक आएँगे?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"कोण महाराज?"

"प्रवचन है ना?"

कुठलं प्रवचन ते मला कळेना. मग त्यांनी फलकाकडे बोट केलं. हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा, वीट. आणि माया म्हणजे हा संसार, हा पैसाअडका, हे मिथ्या जग. 'मायेची ऊब' म्हणजे मायेचा वीट. म्हणजे वैराग्य! आमच्या सोसायटीला अखेर संसाराचा वीट आला आणि तिने सामुदायिक वैराग्याचा कार्यक्रम ठेवला, या कल्पनेने ते गहिवरले होते. "मैंने इनसे कहा," ते भाभीजींकडे बघत म्हणाले, "इस सोसाइटी में रहकर माया से ऊब न हो तो कब होगी?"

गुरुजींनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. हिंदीतली ऊब वेगळी, ती उद्वेगाच्या घरातली. आपल्याकडे तिची बहीण आहे, तिला आपण 'उबग' म्हणतो. मराठीत ऊब आणि उबग दोन्ही आहेत, तुमच्याकडे...

"तो दोनों में फ़र्क क्या है?" भाईसाहेबांनी विचारलं.

याचं उत्तर त्यांना बायको-मुलं, आई-वडील आणि दोन लग्न झालेल्या बहिणी असलेला कोणीही मराठी माणूस देऊ शकला असता. फरक मात्रेचा आहे. पहिल्या दिवशी पाहुणा येतो तेव्हा ऊब, पाचव्या दिवशी उबग. मध्ये एक 'उबट' नावाचं स्टेशन लागतं. झाकून ठेवलेल्या भाताला किंवा पिठाच्या डब्याला जो वास येतो, तो. नात्यांनाही येतो. केळी मात्र आम्ही सगळ्यांनी खाल्ली.

सभेला सुरुवात झाली आणि आमच्या इंजिनिअरांनी हात वर केला. आमच्याकडे पाच-सहा इंजिनिअर आहेत, पण 'इंजिनिअर' म्हटलं की हेच. बाकीचे नुसती नोकरी करतात. हे म्हणाले, "मुद्दा तात्त्विक आहे. ब्लँकेट ऊब देत नाही."

"म्हणजे?"

"त्याच्यात ऊब असतेच कुठे? कपाटात घडी करून ठेवा, थंडगारच असतं. ऊब माणसाची. नुसता पडून असलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. आपले जुने शंभर वॅटचे बल्ब आठवतात ना, तेवढी. ब्लँकेट फक्त ती अडवतं. खरं म्हणजे तेही नाही, धाग्यांमधली हवा अडवते. हवेतून उष्णता लवकर पळत नाही."

"म्हणजे आपण हवा वाटतोय?" खजिनदारांनी विचारलं. हवेचा बाजारभाव त्यांच्या डोळ्यांत चमकून गेला.

"आपण त्या माणसाला त्याचीच ऊब परत करतोय. तेव्हा 'मायेची ऊब' हे विधान दिशाभूल करणारं आहे. फार तर 'तुमचीच ऊब, आमच्यामार्फत' असं लिहा."

यावर दोन तास चर्चा झाली. शंभर वॅटच्या हिशोबाने सभेतली पंचवीस माणसं अडीच किलोवॅट उष्णता सोडत होती, आणि क्लबहाउसच्या खिडक्या बंद होत्या. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीने जी ऊब निर्माण केली ती दोन विंगांना पुरली असती. खिडकी उघडायची तर त्यासाठी आधी ठराव मांडावा लागला असता.

इंजिनिअरांचं म्हणणं मला मात्र पटलं, कारण माझ्याकडे पुरावा आहे. तो माळ्यावर असतो, जानेवारीत खाली येतो. आजीची गोधडी. वरचा थर तिच्या नऊवारीचा, विटक्या वांगी रंगाचा. आत वडिलांचं धोतर, काकूचं लुगडं, कुणाचे तरी परकर. एका कोपऱ्याला माझ्या शाळेच्या अर्ध्या चड्डीचा खाकी तुकडा, खिशासकट. शिवताना आजीने तो खिसा मिटवला नाही. लहानपणी मी त्यात शेंगदाणे ठेवायचो, म्हणून मुंग्याही उबेला यायच्या. सगळ्यावरून हातभर धावदोऱ्याचे टाके, काठाकडून आत जात जात मध्यावर चौकोन मिटलेला. सातारा-कोल्हापूरकडे हिला वाकळ म्हणतात, आणि तो शब्दच अंगावर पडल्यासारखा वाटतो. गोधडी आपण अंगावर घेत नाही, ती अंगावर येते. एकदा आत शिरलं की कूस बदलण्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. आणि प्रत्येक थरात हवा, म्हणजे इंजिनिअरांच्या भाषेत सगळा हवेचाच कारभार. पण हे आईला सांगून बघा.

आमच्या घरात ऊब ही मिळत नाही, ती दिली जाते, आणि नको म्हणायची सोय नसते. संध्याकाळी सात वाजले की आई कानटोपी घेऊन माझ्यामागे येते. माझे केस गेल्यापासून तिचा उत्साह वाढला आहे. "कान झाक रे, थंडी कानातून शिरते." थंडी कानातून शिरते, तळपायातून चढते आणि डोक्यात बसते, असा तिचा मार्ग आईने आखून ठेवला आहे, पुण्याच्या मेट्रोलाही इतका ठाम मार्ग मिळाला नाही. माझ्या बायकोच्या बाळंतपणात तर ही ऊब अधिकृतपणे लागू झाली होती. शेक-शेगडी, धुरी, बाजेखाली निखारे, वर ओव्याचा वास, खिडक्या बंद. आणि महिना एप्रिल. मी दारातून डोकावलो तर धुरातून बायकोचा आवाज आला, "अहो, जिवंत आहे मी. पण बाळाला दिसत नाहीये." आई म्हणाली, "ऊब लागतेय हो तिला, छान वाटतंय." ज्याला ऊब लागते त्याला कसं वाटतंय, हे आपल्याकडे नेहमी ऊब देणारा सांगतो.

असो. सोसायटीतलं प्रकरण तोवर भिजत घोंगडं होऊन पडलं होतं. भिजलेलं घोंगडं पाणी पिऊन इतकं जड होतं की एकट्याला उचलत नाही, म्हणून ज्याने त्याने दुसऱ्याची वाट पाहायची. शेवटी खजिनदारांनी कोंडी फोडली. "शब्द राहू द्या. आधी सांगा, मायेच्या उबेला पैशाची ऊब कुठून आणायची?"

इथे मराठीतली माया मदतीला आली. आपल्याकडे माया म्हणजे प्रेमही आणि माया म्हणजे जमवलेला पैसाही, विशेषतः कसा जमवला हे विचारायचं नसतं तो. आमच्या वॉर्डात अशी माया असलेले आणि तिचं काय करावं हे न सुचलेले एक गृहस्थ आहेत. बॅनरवर त्यांच्या नावाखाली 'भावी नगरसेवक' असं गेली बरीच वर्षं असतं. त्यांनी सगळी ब्लँकेटं देऊ केली. अट एकच, फोटो.

उबवणे हे क्रियापद मराठीत दोनच कर्मं घेतं, अंडी आणि खुर्ची. कोंबडी एकवीस दिवस बसते आणि पिल्लू काढून उठते. खुर्ची उबवणारा पाच वर्षं बसतो, काहीही निघत नाही, आणि उठायलाही तयार नसतो. आमचे गृहस्थ तर अजून खुर्चीपर्यंत पोचलेही नव्हते, उभ्या उभ्याच ऊब साठवत होते. पण ब्लँकेटं चांगली होती. सोलापुरी चादरी द्याव्यात, भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे, असं गुरुजी म्हणत होते. भावी नगरसेवकांचं म्हणणं पडलं की चादरीच्या नक्षीत त्यांचं नाव विणता येत नाही, ब्लँकेटच्या कोपऱ्यात छापता येतं.

बॅनरचा मजकूर मी फ्लेक्सवाल्याकडे पाठवला. त्याच्याकडचा मुलगा हुशार, सगळं फोनवरच टाइप करतो, आणि फोन त्याच्यापेक्षा हुशार. पहिला नमुना आला तो 'मायेची उबर'. वाचून क्षणभर मला बरंच वाटलं. माया बोलावली की पाच मिनिटांत दाराशी, आणि आली नाही तर निदान रद्द करता येते. मी फोन केला.

"दादा, ऊब हवंय. ऊब. दीर्घ ऊ आणि ब. पुढे काही नाही."

"पुढे काही नाही कसं, काका? अर्धवट वाटतो शब्द."

"पूर्ण आहे तो. दोनच अक्षरांचा आहे."

"बरं. करतो पूर्ण."

रविवारी संध्याकाळी, वाटपाच्या तासभर आधी, बॅनर आला. बारा फूट बाय सहा. उजवीकडे भावी नगरसेवक हात जोडून उभे, कमरेपासून वर पाच फूट. त्यांच्या मागे उगवता सूर्य. डावीकडे सोसायटीचं नाव. आणि मध्ये, ठळक, केशरी, सावली दिलेल्या अक्षरांत:

'मायेची उबळ'.

उबळ! खोकल्याची येते ती. रात्री दोन वाजता येते, गदागदा हलवते, शेजाऱ्यांना उठवते आणि पाणी प्यायलं की जाते. सचिव खुर्चीत बसले. भावी नगरसेवकांनी आपला फोटो नीट आलाय ना एवढं बघितलं आणि म्हणाले, "झकास!" गुरुजी चष्मा काढून, पुसून, परत लावून बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता यांना घरी सोडायला लागणार.

"उ ऱ्हस्व काढलाय," ते शेवटी म्हणाले. "आणि बरोबर काढलाय."

"गुरुजी, शब्द चुकलाय!"

"लेखन शुद्ध आहे." मग थोडं थांबून, "अर्थही फारसा चुकलेला नाही. डिसेंबरात येते, जानेवारीत जाते. तुम्हीच सांगा, ही ऊब का उबळ?"

नवीन बॅनरला वेळ नव्हता आणि पैसा त्याहून नव्हता. कमिटीने ठरवलं की ब्लँकेटांची चळत बरोबर 'ळ'च्या पुढ्यात रचायची. रचली. पण वाटप म्हटल्यावर चळत खाली जाणार, हा विचार पाच-सहा इंजिनिअरांपैकी एकालाही सुचला नाही.

गल्लीच्या टोकाला नव्या टॉवरचं काम चाललंय, तिथल्या पत्र्याच्या झोपड्यांकडे आमची मिरवणूक निघाली. पुढे बॅनर, मागे ब्लँकेटांचा टेम्पो, त्यामागे कानटोप्या घातलेली कमिटी. झोपड्यांसमोर फळकुटांची शेकोटी रसरसून पेटली होती आणि माणसं तिच्याभोवती निवांत बसली होती. थंडीने कुडकुडत होतो ते आम्हीच. एका बाईंनी आमच्याकडे, मग बॅनरकडे, मग चळतीकडे पाहिलं. पहिली चार ब्लँकेटं उचलली गेली, ळ उघडा पडला.

"उबळ कुनाला आलीय?" बाईंनी विचारलं.

"आम्हा सगळ्यांनाच," गुरुजी म्हणाले.

बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी सांगितलं की यंदा हे पाचवं ब्लँकेट. एक बँकवाल्यांनी दिलं, एक कॉलेजच्या पोरांनी, दोन मंडळांनी. आत नेऊन दाखवलं तर आधीची चार त्यांनी एकावर एक ठेवून, वर जुनी साडी घालून, हातभर धावदोऱ्याने शिवून टाकली होती. गोधडीच. फक्त कोपऱ्यांवर चार संस्थांची नावं, आणि त्यातलं एक उलटं. भावी नगरसेवकांनी पाचव्या थराचा फोटो मागितला. "आता ह्ये खाली आंथरू," बाई म्हणाल्या, "वरून लई जड होतंय."

भावी नगरसेवक खाली अंथरायच्या कल्पनेने जरा कावरेबावरे झाले.

"मच्छरदानी असंल तर बघा," बाईंच्या नवऱ्याने शेकोटीपासून आवाज दिला. "थंडी काय, लाकडं हायेत. डास झोपू देईनात."

गाव कुठलं म्हणून गुरुजींनी विचारलं, तर किनवट. गुरुजी जागच्या जागी उकिडवे बसले. "म्हणजे उनकेश्वर! ऊन म्हणजे उष्ण, उष्णचं प्राकृतात उण्ह..." नवऱ्याने सरकून त्यांना शेकोटीशी जागा दिली आणि म्हणाला, "हाव ना, आमच्याकडं जमिनीतूनच गरम पानी निघतंय. अंगाला खाज सुटली की लोक तितं आंघुळीला येतेत." ऊष्मन्पासून खाजेपर्यंतचा हा प्रवास गुरुजींनाही नवीन होता. ते तासभर उठले नाहीत. आम्ही ब्लँकेटं वाटली, फोटो काढले, एका फोटोत ब्लँकेटला सोळा हात आले.

परतीच्या वाटेवर सचिवांचा उत्साह ओसंडत होता. "कार्यक्रम चांगला झाला. आता उन्हाळ्यात पाणपोई काढू. मेन गेटशी दोन माठ. बॅनरचं आत्तापासून बघा हं, लेखक. 'मायेचा गारवा' कसं वाटतं?"

"यात ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही," गुरुजी समाधानाने म्हणाले. "पण पाणपोईतली ई दीर्घच काढायला सांगा."

"एक मिनिट," इंजिनिअर म्हणाले. "तात्त्विक मुद्दा आहे. गारवा म्हणून काही नसतंच. उष्णता निघून जाते, तिला आपण गारवा म्हणतो. आपलं पाणी पिणाऱ्याची उष्णता घेतं. म्हणजे देणारे ते आणि घेणारे आपण."

खजिनदार चालता चालता थबकले.

"असं असेल," ते म्हणाले, "तर माठांचा खर्च त्यांच्याकडूनच घेऊ."